न थरथरणारी रेषा

"आणि यंत्र बोललंच नाही तर?" सबनीस बाईंनी विचारलं.

"बोलतंच, बाई."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी," श्रीरंग म्हणाला. एवढं म्हणून त्याला स्वतःलाच इतकं बरं वाटलं की समोरच्या ताटलीतलं एक अंजीर उचलून त्यानं अख्खं तोंडात टाकलं.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हातातल्या अंजिराचं देठ काढून त्यांनी ते ताटलीत ठेवलं आणि दुसरं घेतलं.

श्रीरंग टेमघरे हा माणूस तसा वाईट नव्हे. हुशार माणसाला हुशारीचा जेवढा त्रास व्हायचा तेवढा त्यालाही झाला होता, इतकंच. पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत मापनकक्ष नावाचा एक लांबोडका विभाग आहे. वजनं, दाब, तापमान, वीज, जे जे मोजायचं ते तिथं मोजायचं. सबनीस बाईंनी तो विभाग उभा केला, उमेदीची सगळी वर्षं तिथं घातली आणि निवृत्त होऊन त्या सासवडला धाकट्या बहिणीसोबत राहायला आल्या. श्रीरंग त्यांचा विद्यार्थी. आज त्याच विभागात, त्यांच्याच खुर्चीत बसतो. खुर्ची तीच आहे, फक्त गादी बदलली.

त्या खुर्चीत बसून त्यानं एक काम केलं होतं, आणि ते खरोखरच मोठं होतं.

मापनकक्षातली यंत्रं म्हणजे वेगवेगळ्या गावांहून एका लग्नाला आलेली माणसं. एक जर्मनीहून आलेलं, एक जपानचं, दोन-तीन तर संस्थेच्याच कारखान्यात जुळवलेली. संगणकाला त्यांच्याकडून आकडा घ्यायचा तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाला आधी जागं करावं लागे, एकाला प्रश्नाच्या शेवटी अमुक एक खूण नसली की ते ढिम्म हलत नसे, एक प्रश्न ऐकून घेई आणि विसरून जाई. नव्या मुलांचं पहिलं वर्ष या रुसव्याफुगव्यांतच जायचं. श्रीरंगनं या सगळ्यांवर एकच इंटरफेस लिहिला, म्हणजे यंत्रांशी बोलायची एकच रीत. यंत्र कुठलंही असो, संगणकानं फक्त 'वाच' म्हणायचं. समोरून आकडा येणार. बस्स.

सोमवारी त्याचं उद्घाटन होतं. संस्थेच्या सगळ्या प्रयोगशाळा त्या दिवसापासून हीच रीत वापरणार होत्या. आणि त्या रीतीचं नाव श्रीरंगनं 'इंदुमती' ठेवलं होतं. बाईंचं नाव.

तेच दाखवायला तो आला होता. गाडीतून लॅपटॉप आणला होता, निमंत्रणपत्रिका आणली होती, आणि वसूमावशींसाठी, म्हणजे बाईंच्या बहिणीसाठी, बिनसाखरेच्या मिठाईचा पुडा आणला होता. दारात चपला काढता काढता त्यानं विचारलंही होतं, "वसूमावशी दिसत नाहीत?" बाई तेव्हा पाणी आणायला आत वळल्या होत्या. दुपारची वेळ, झोपल्या असतील, असं म्हणून त्यानं पुडा कोनाड्यात ठेवला आणि पडवीत लॅपटॉप उघडला.

बाईंनी हो म्हणावं, पाठीवर हात ठेवावा आणि सोमवारी पहिल्या रांगेत येऊन बसावं. एवढंच त्याला हवं होतं. दुसऱ्या कुणाचंही कौतुक त्याला आता फारसं लागत नसे, पण हे एक मात्र लागत होतं. फार लागत होतं.

"मामंजी आहेत का रे अजून?" बाईंनी एकदम विचारलं.

श्रीरंगला हसू आलं. मामंजी म्हणजे जुना तराजू. काचेच्या कपाटात राहायचा. कुणी जोरात श्वास टाकला तरी त्याचं बिनसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आलेल्या सुनेसारखं त्याच्यासमोर वावरावं लागायचं, म्हणून कुणीतरी केव्हातरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

"आहेत की. रंग दिलाय त्यांना नवा."

"आणि तेही 'वाच' म्हटलं की वाचतात?"

"लगेच."

"मामंजी? लगेच?"

बाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्यासारख्या हसल्या, आणि मग त्यांना ठसका लागला. श्रीरंगनं पाण्याचा पेला पुढं केला.

"अरे, मामंजींसमोर आम्ही पंखे बंद करून बसायचो," त्या म्हणाल्या. "ऐन वैशाखात. घामाची धार लागलेली. आणि ते आपले डुलतायत... डुलतायत..."

"आणि कुणी दार उघडलं की पुन्हा पहिल्यापासून."

"तूच उघडायचास."

"मी?"

"तूच. तुला भूक लागायची. वसूचा डबा कपाटात असायचा ना."

श्रीरंगच्या जिभेवर तिखटमिठाच्या पुऱ्यांची चव आली. वसूमावशी शाळेत शिकवायच्या, संस्थेत त्यांचं काही काम नसे. पण सकाळी शाळेत जाता जाता मापनकक्षात एक मोठा डबा ठेवून जायच्या. बाईंसाठी म्हणून असलेल्या त्या डब्यातलं बाईंच्या वाट्याला फार काही येत नसे. राळेचा वास, तापलेल्या तारांचा वास आणि त्यात तो पुऱ्यांचा. आता मापनकक्षात वातानुकूलन आहे, खिडक्या सिमेंटनं लिंपून टाकल्यात, कसलाच वास येत नाही. श्रीरंगला अचानक वाटलं की त्या दिवसांतलं काहीतरी कुठंतरी ठेवून आपण विसरून आलो आहोत. पण ते क्षणभरच. समोर लॅपटॉप उघडा होता.

"बाई, हे बघा ना."

पडद्यावर निळ्या अक्षरांत नाव आलं. इंदुमती. खाली ओळ: सर्व यंत्रांसाठी एकच भाषा.

बाईंनी चष्मा लावून वाचलं.

"कसं वाटतं?"

"काम दाखव. नाव नंतर."

या मात्र जुन्याच बाई. श्रीरंगच्या अंगावर सुखाचा काटा आला. परीक्षेच्या आधी यायचा तसाच.

त्यानं एक आलेख उघडला. रेणुका भेंडे ही त्याच्याकडची पीएचडीची विद्यार्थिनी. मुलगी कामाला वाघ. एक नवा मिश्रधातू थंड करत नेते, आणि थंड होताना त्याचं तापमान कसं उतरतं ते मोजते. इंटरफेस पहिल्यांदा तिलाच वापरायला दिला होता. पूर्वी यंत्र मध्येच अडलं की तिचा प्रोग्राम बंद पडायचा आणि सगळा प्रयोग पहिल्यापासून. आता रात्रंदिवस चालतो, एकदाही थांबलेला नाही.

पडद्यावर एक रेषा डावीकडून उजवीकडं उतरत होती. उतरता उतरता मध्येच थांबली होती. थोडं अंतर अगदी सपाट. मग एकदम खाली पायरी, आणि पुन्हा उतरण.

"इथं थांबली बघा," श्रीरंगनं बोट ठेवलं. त्याचा आवाज नकळत खाली आला. "पाणी गोठताना कसं तापमान एका जागी थबकतं, तसं. म्हणजे या धातूच्या आत काहीतरी बदल होतोय. आजवर कुणाला दिसलेला नाही. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तिथंच थांबतं. शोधनिबंध लिहून तयार आहे. सोमवारी समारंभातच जाहीर करणार."

बाई पुढं झुकल्या. नाक पडद्याला टेकेल इतक्या.

शेजारच्या परसात कुणीतरी बादली सरकवली.

"केवढी शांत आहे रे," बाई म्हणाल्या.

"आहे ना?"

"इतकी शांत वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही."

श्रीरंगची छाती फुगली. मग बाईंचा चेहरा पाहून ती तशीच अर्ध्यावर राहिली.

"ही बाकीची रेषा थरथरतेय," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट उतरणीवरून हळूहळू चाललं होतं. "बारीक. पण थरथरतेय. जिवंत माणसाच्या हाताची असते तशी. आणि इथं आली की..."

बोट सपाट भागावर थांबलं.

"...काहीच नाही."

श्रीरंगही पुढं झुकला.

"कुठलं यंत्र?"

"जर्मन तापमापक. जुना. आपले ते..."

"गुरुजी?"

"गुरुजी."

आणि नाव तोंडातून बाहेर पडताक्षणी श्रीरंगची नजर पुन्हा त्या सपाट जागेकडं गेली.

गुरुजी त्याला चांगले ठाऊक होते. मापनकक्षात आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असत. तापमान फार खाली गेलं की त्या यंत्राला आतली एक मोजपट्टी सोडून दुसरी घ्यावी लागे, आणि तेवढ्यात ते स्वतःलाच एकदा तपासून पाही. तेवढा वेळ कुणी काही विचारलं तरी उत्तर नाही. मुलं म्हणायची, गुरुजी चष्मा बदलतायत. मग सगळे हात बांधून बसत. कुणी वसूमावशींच्या डब्याकडं वळे. गुरुजींचा चष्मा बदलून झाला की पुढचा आकडा.

आणि मधले आकडे? वहीत त्या जागी चौकोन रिकामे सोडायचे. ही बाईंची शिस्त. त्या वेळी संगणक नव्हता असं नाही, पण बाई मुलांना आधी हातानं वाचायला लावत. एकानं यंत्रासमोर बसायचं, दुसऱ्यानं लिहायचं. वाचणाऱ्याला खात्री वाटली तरच त्यानं आकडा पुकारायचा, नाहीतर गप्प बसायचं. तो गप्प बसला की लिहिणाऱ्यानं लिहायचं नाही, अंदाजानं तर नाहीच नाही. नवी मुलं पान गच्च भरून आणत आणि ऐटीत बाईंपुढं ठेवत. बाई ते पान न वाचताच परत देत. म्हणत, "एकही रिकामा नाही? मग तू तिथं बसला होतास कुठं?"

श्रीरंगचंही पहिलं पान असंच परत आलं होतं. त्या दिवशी त्याला बाईंचा भयंकर राग आला होता.

"श्रीरंग," बाईंनी विचारलं, "गुरुजी चष्मा बदलत असताना 'वाच' म्हटलं, तर तुझी इंदुमती काय सांगते?"

"आकडा."

"कुठला?"

श्रीरंगनं लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"त्याच्या आधीचा," तो म्हणाला. "शेवटचा जो आला असेल तो. मुलं वैतागायची, बाई. एक यंत्र अडलं की सगळं अडायचं. मी म्हटलं, तेवढ्यापुरता आधीचा आकडा देत राहू. थोड्याच वेळाचा प्रश्न. कुणाला कळणारही नाही."

"आणि कुणाला कळलं नाही."

"...नाही."

"रेणुकाला?"

"नाही."

"तुला?"

श्रीरंगनं मान खाली घातली. चांगला मोठा माणूस, कानशिलाचे केस पिकलेला, पण मान घातली ती अगदी पहिल्या वर्षातल्यासारखी. थंड होत जाणारा धातू तिथं थांबलाच नव्हता. तो आपला निमूट उतरत होता. गुरुजी गप्प झाले होते, आणि त्यांच्या जागी इंदुमती बोलत राहिली होती. तोच आकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच. गुरुजींना कंठ फुटला तेव्हा खाली ती पायरी पडली. आणि गुरुजी दर वेळी तिथंच चष्मा बदलणार, म्हणून रेषा दर वेळी तिथंच थांबणार. बिचाऱ्या पोरीनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं याचा अर्थ एवढाच की तिनं तेच खोटं पुन्हा पुन्हा ऐकलं.

त्याला रेणुकाचा चेहरा आठवला. पहिल्यांदा ती सपाट रेषा दिसली तेव्हा धावत आली होती. जिन्यात चप्पल तुटली तर एकाच पायात चप्पल घालून तशीच आली होती. "सर, थांबलं! सर, तिथं थांबलं!" त्या वेळी त्यालाही वाटलं होतं, आपण केलेल्या गोष्टीनं कुणालातरी असं काही सापडावं, आणखी काय हवं असतं?

त्यानं खिशातून फोन काढला. हातात धरून बसला.

बाईंनी लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. त्याखाली निमंत्रणपत्रिका होती. जाड, पिवळसर, बऱ्यापैकी महागातली. बाईंनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्यानं वाचली.

"...ज्येष्ठ संशोधक श्रीमती इंदुमती सबनीस यांच्या संमतीने..."

थांबल्या.

"संमती?"

"तुम्ही हो म्हणाला होतात, बाई."

"केव्हा?"

"दिवाळीत. फोन केला होता मी, नाव देऊ का म्हणून. तुम्ही म्हणालात, दे की."

"हं. म्हणाले होते." बाईंनी पत्रिका मांडीवर ठेवली. "वसू शेजारीच बसली होती. करंज्या भरत होती. ती म्हणाली, अगं दे म्हण ना, पोरगं एवढं विचारतंय तर. म्हणून म्हटलं दे की."

"मग..."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मी फोन केला होता. माघात केला, नंतरही दोन-तीनदा केला. तुम्ही उचलला नाहीत."

"नाही उचलला."

"मला वाटलं... हो म्हणालेलाच आहात, तर..."

तो बोलायचा थांबला. आपण आत्ता काय म्हणालो ते त्याच्याच कानांना ऐकू आलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर श्रीरंगला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि त्यांच्या बसण्यात त्याला पहिल्यांदाच जाणवलं की तो आला तेव्हा पडवीत एकच खुर्ची मांडलेली होती. दुसरी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर अंजिरांची टोपली होती, आणि टोपली खाली ठेवून बाईंनी तीच खुर्ची त्याला दिली होती.

कोनाड्यात मिठाईचा पुडा तसाच होता.

"बाई," त्यानं विचारलं, "फोन का नाही उचललात?"

बाईंनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

"आत्ता विचारलंस," त्या म्हणाल्या.

"...का, बाई?"

"वसू गेली."

परसातला आवाज थांबला होता. श्रीरंगला काहीतरी म्हणायचं होतं, असल्या वेळी माणसं म्हणतात तसलं काहीही. पण त्यानं नुसता लॅपटॉप मिटला.

"माघातच. फार काही झालं नाही. दोन दिवस ताप आला, आणि गेली." बाईंचा आवाज सरळ होता. मग तो सरळ राहिला नाही. "मला कुणाशी बोलावंसंच वाटेना रे. फोन वाजायचा, मी बघत बसायची. तुझं नाव दिसायचं. उचलून काय सांगणार? सांगितलं की ते खरं होतं."

श्रीरंग रडला. पुरुषमाणसानं परक्याच्या पडवीत बसून रडावं तसं अवघडून रडला, चष्मा काढून, शर्टाच्या बाहीला डोळे पुसत. पण ती पडवी परकी नव्हती, आणि वसूमावशी तर नव्हत्याच. एवढी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं. दारात विचारलं, 'दिसत नाहीत?', आणि उत्तराची वाटसुद्धा न बघता स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालो. झोपल्या असतील.

बाईंनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंडावर पाणी मारलं, आणि मग रेणुकाला फोन लावला. स्पीकरवर नाही, पण दुपार इतकी निवांत होती की तिचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता.

"सर! दाखवला का बाईंना? काय म्हणाल्या?"

"रेणुका, ऐक. निबंध पाठवू नकोस."

"...का?"

"ती सपाट जागा. ती धातूची नाही. माझी आहे." त्यानं सगळं सांगितलं. गुरुजी, चष्मा, आधीचा आकडा. काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. "चूक तुझी कुठंच नाही. यंत्र गप्प होतं आणि मी त्याच्या तोंडी आकडा घातला."

पलीकडून काहीच आलं नाही.

श्रीरंगनं तोंड उघडलं. काळजी करू नकोस, पुन्हा करू, आणखी काहीतरी सापडेल, असं बरंच ओठांवर आलं होतं. त्यानं तोंड मिटलं. फोन कानाला लावून तो नुसता थांबला.

फार वेळ थांबला.

"म्हणजे तिथं काहीच नव्हतं, सर?" रेणुकाचा आवाज आला. बारीक झाला होता.

"तिथं काय होतं ते आपण बघितलेलंच नाही अजून."

मग, "बरं." आणि थोड्या वेळानं, "उद्या येते मी, सर. बघू."

फोन ठेवून त्यानं दुसरा लावला, तो संस्थेच्या संचालकांना. सोमवारचा समारंभ रद्द. होय, पत्रिका वाटून झाल्या आहेत. होय, सगळ्यांना कळवतो, मीच कळवतो. नाही, इंटरफेस चालतो, बंद पडत नाही, तोच तर घोटाळा आहे. तिकडून बराच आरडाओरडा झाला. श्रीरंगनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. एवढ्या वर्षांचं काम, आणि आता ते सगळ्यांसमोर मागं घ्यायचं. जड जात होतं. जड जातंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते लपवायच्या फंदात तो पडला नाही.

मग तो परत खुर्चीवर येऊन बसला.

"बाई, एक सांगा. प्रत्येक यंत्र निराळं आहे. मामंजी डुलतात, गुरुजी चष्मा बदलतात. कुणी उशिरा बोलतं, कुणी बोलतच नाही. मला वाटलं होतं, सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावलं की झालं. ते चुकलंच का?"

"भाषा चुकली नाही."

"मग सगळ्यांना सारखं असं काय द्यायचं मी?"

बाईंनी टोपलीतलं एक अंजीर उचललं. कच्चं होतं. दाबून पाहिलं आणि परत ठेवलं.

"गप्प बसायची मुभा," त्या म्हणाल्या.

श्रीरंगनं हळूच मान हलवली. त्यानं पत्रिका उचलली, उभी फाडली, आणि तुकडे लॅपटॉपच्या पिशवीत टाकले. नावाचं काय करायचं हे त्यानं विचारलं नाही. विचारावंसं फार वाटत होतं, पण आज त्यानं ते बाईंच्या पुढ्यात टाकलं नाही.

उन्हं कलली होती. पडवीच्या पायरीपर्यंत अंजिराच्या झाडाची सावली आली होती. निघायला हवं होतं. तो उठला, कोनाड्यातला पुडा घेतला, आणि काय करावं ते न सुचून हातात धरून उभा राहिला. बाईंनीच तो त्याच्या हातातून घेतला, सोडला, एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात घातला.

"गोड नाही," त्या म्हणाल्या.

"बिनसाखरेची आहे."

"हो. तिला हीच आवडायची."

दोघांनी उभ्याउभ्याच ती खाल्ली.

श्रीरंगनं चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला. मग वळून परत आला, पायरीशी उभा राहिला आणि जे आल्या आल्या विचारायला हवं होतं ते त्यानं विचारलं.

"बाई, कशा आहात?"

बाई उत्तर देईनात.

त्यानं आठवण करून दिली नाही. 'बऱ्या दिसता' म्हटलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसला. रस्त्यानं एक टेम्पो गेला. पलीकडच्या घरात कुणीतरी कुकर लावला, त्याची शिटी झाली. सावली पायरी चढून पडवीत आली, त्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी पोचली. श्रीरंग बसून होता.

"अजून..." बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यानं मान वर करून पाहिलं, पण वाक्य पुरं करायला धावला नाही.

"...अजून सांगता येत नाही रे."